तळमजला, समुद्राकडची बाजू

आसेगाव, ता. मंगरूळपीर, जि. अकोला
दि. १४ जानेवारी १९७७

चि. देवमन यास,

बाईचे अनेक आशीर्वाद. लिलाला आणि पोरांना सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं अक्षर पाहून तू आधी दचकशील आणि मग इकडे कोणीतरी गेलं असं समजशील. कोणी गेलेलं नाही. उकंडरावदादा ठीक आहे, थंडीत दमा उठतो तेवढंच. मीही ठीक आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलाय, पण मागच्या बाकावर कोण कोणाची पाटी बघून लिहितंय ते अजून दिसतं. अकरा वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही. त्याबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे. काम आहे म्हणून लिहिते.

काम असं की मला समुद्रासमोर घर घ्यायचं आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. दिवाळीनंतर मालेगावला एका बाईंच्या निरोप समारंभाला गेले होते. येताना स्टँडवर भजी घेतली, ती मुंबईच्या पेपरात बांधून मिळाली. भजी संपल्यावर कागद वाचायची खोड तुला ठाऊकच आहे. त्यात जाहिरात होती, "समुद्रकिनारी स्वतःच्या मालकीचे दोन खोल्यांचे ब्लॉक. सुट्टीत राहा, एरवी पाहुण्यांना भाड्याने द्या." अर्धा पत्ता तेलात बुडाला होता, पण गावाचं नाव शाबूत होतं. वेळशेत, ता. अलिबाग, जि. कुलाबा.

गाव तुला आठवत असेल. आपण तिघे गेलो होतो, सत्तावन साली. सहा डिसेंबरला दादरला आलो आणि दुसऱ्या दिवशी तू आम्हाला लाँचमध्ये बसवून तिकडे नेलंस. तुझे भाऊजी जन्मात पहिल्यांदा लाँचमध्ये बसले. मंगरूळच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून सारी उमर कापसाच्या गाठी दाबल्या त्यांनी, आणि प्रत्येक गाठ मुंबईच्या बंदराला जायची. म्हणायचे, "आपली गाठ समुद्र पाह्यते, आपन नाई पाह्यत." त्या दिवशी त्यांनी पाहिला. हवा चांगली होती. जास्त लिहीत नाही.

मी बिल्डरला पत्र टाकलं, त्याचं उत्तर आणि नकाशा आला. तळमजल्याचा दोन नंबरचा ब्लॉक समुद्राच्या बाजूला आहे. दिवाळीपर्यंत चावी देतो म्हणतो. दोन वर्षांनी मी रिटायर होईन. मग मागच्या खोलीत मी राहायचं आणि समोरची खोली व पडवी मुंबईच्या पाहुण्यांना द्यायची, दोन दिवस, चार दिवस, ज्याला जसं हवं तसं. पावसाळ्यात लाँच बंद, तेव्हा चार महिने आसेगावला यायचं. असं सगळं ठरलं आहे.

इथे मात्र माझी अक्कल काढणं चालू आहे. दादा म्हणतो, "बाई, त्या खाऱ्या पान्यात पेरतं काय तू? तूर? इथं माह्या वावराले लागून तीन एकर भेटून राह्यलं, अन् तुले वाळू पायजे!" शेजारची तुळसाबाई दुसरंच विचारते. "मास्तरीनबाई, मुंबईच्या लोकायले सोताचं घर नाई काय? तुह्या घरी पैसे देऊन काहून येतीन ते?" तिला सांगितलं की मुंबईत माणसं घरात नसण्याचेच पैसे देतात. तिला पटलं नाही.

पण हा धंदा मी पेपरात वाचून शिकलेली नाही. मानोऱ्याला सात वर्षं शिकवलं तेव्हा पोहरादेवीची यात्रा जवळून पाहिली. तांड्यावरची सोनीबाई रामनवमीच्या दिवसांत आपली ओसरी आणि एक खोली यात्रेकरूंना द्यायची. तिला विचारलं होतं, तुला भीती नाही वाटत, कोण कुठला माणूस घरात घेतेस? ती म्हणाली, "पाहुन्याले दोनच गोष्टी लागते बाई, गोडं पानी अन् दाराले कडी. त्याचं नाव घेऊन मले काय करा लागते?" हे वाक्य मी वीस वर्षं जपून ठेवलं आहे.

तर तू एका रविवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं जा आणि बघून ये. इमारत खरंच उभी आहे की नुसता नकाशा? विहिरीचं पाणी गोडं आहे का? दाराला कडी धड बसेल का? आणि दारापासून वाळूपर्यंत पावलं मोज. पैशाची काळजी करू नकोस. तुझ्या भाऊजींचा फंड पोस्टात तसाच आहे, मी त्याला हात लावला नव्हता. माझं सोनं होतं ते मोडलं. मंगरूळचा प्लॉट विकला.

एक महत्त्वाचं. तिथे माझं नाव पूर्ण सांग. भागिरथा माणिकराव खिल्लारे, माहेरची पडघान, बौद्ध, जिल्हा परिषदेची शिक्षिका. विचारलं तर सांगच, पण नाही विचारलं तरी सांग.

कळावे.
भागिरथाबाई


आसेगाव
दि. २० फेब्रुवारी १९७७

देवमन,

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून मी गिरवून घेतलं त्याच वळणाचं आहे. ड आणि ङ मधला फरक मात्र तुला चाळिशीतही आला नाही.

इमारत उभी आहे, स्लॅब पडला आहे, विहिरीचं पाणी गोडं आहे आणि दारापासून वाळू बासष्ट पावलं आहे हे वाचून मला एवढा आनंद झाला की मी पत्र हातात घेऊन तुळसाबाईकडे गेले. तिला बासष्ट पावलं अंगणात चालून दाखवली. मी तिच्या उकिरड्यापर्यंत पोचले. "इथून पुढं सगळं पानी," म्हटलं. ती म्हणाली, "बाई, तुले नजर लागली कोनाची तरी."

मग घरी येऊन पुढची पानं वाचली.

मी तुला माझं नाव सांगायला पाठवलं होतं. तू तिथे आपलं नाव सांगितलंस. डी. के. आसेगावकर. शेठनं चहा पाजला, खुर्ची दिली, "वऱ्हाडातले का, वा वा," म्हणाला आणि हळूच सांगितलं की इथे सगळे आपल्यातलेच लोक घेतायत, म्हणून काळजी नाही. आणि तू तो चहा प्यायलास. ब्लॉक आपल्या नावावर धरून ठेवून आलास. वर मला शिकवतोस की करार तुझ्याच नावानं होऊ दे, मी तिथे आसेगावकरबाई म्हणून राहावं, कोणाला कळणार आहे, चार पैसे येतील ते तर माझेच.

देवमन, गावाचं नाव तू आडनावाला लावलंस आणि गावात पाय ठेवायचं सोडलंस. ते तुझं तू बघ. माझ्या घरावर ते नाव लागणार नाही. ब्लॉक माझ्या नावावर होईल, नाही तर होणार नाही. शेठला तसं कळव. तुला कळवायला लाज वाटत असेल तर मीच कळवते, पत्ता माझ्याकडे आहे.

आणि शेवटची ओळ. "बाई, त्या दिवशी त्या खाणावळीत तू जे केलं तेच मी केलं. तुझ्याकडूनच शिकलो." ती वाचून मी पत्र चुलीत घालायला उठले होते. घातलं नाही. घडी करून पेटीत ठेवलं.

भागिरथा


आसेगाव
दि. १ मार्च १९७७

चि. देवमन,

आशीर्वाद.

मागचं पत्र टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमन रामकिसनला गाठून विचारलं, थैली गेली का? तो म्हणाला, "बाई, पत्र काय म्हैस हाये, परत वळवून आनाले?" तेव्हा ते तुला मिळालं असणार. त्यात मी तुझ्यावर चिडले ते खरं आहे. आसेगावकर हे नाव माझ्या दारावर लागणार नाही हेही खरं. पण तू जी ओळ लिहिलीस तीही खरी आहे आणि तिच्यापासून मी वीस वर्षं तोंड लपवते आहे. आज मधल्या सुट्टीला पोरांना लवकर सोडलं, वर्गाचं दार लावलं आणि हे लिहायला बसले.

तू तिथे होतास, म्हणून तुला सांगायची गरज नाही असं तुला वाटेल. पण तू एकोणीस वर्षांचा होतास आणि भुकेला होतास. मी छत्तीसची होते. मी काय केलं ते मला माझ्या हातानं लिहायचं आहे.

लाँचनं उतरून, मग मोटारीनं, मग पायी, आपण त्या खाणावळीशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. ओटीवर मालक बनियनवर बसला होता. आतून माशाचा वास येत होता आणि तू त्या वासाकडे बघत होतास. मालकानं विचारलं, "कुठले? आडनाव काय?" तुझ्या भाऊजींनी बोलायला तोंड उघडलं. ते काय सांगतील हे मला माहीत होतं. सगळीकडे सांगायचे तसं सांगितलं असतं, आडनाव, गाव आणि वर जयभीम. आणि मग काय होईल हेही मला माहीत होतं. मी त्यांच्या आधी बोलले. "देशमुख. वाशीमकडचे."

नागपूरला दीक्षा घेऊन एक वर्ष झालं होतं रे. खोटं बोलणार नाही अशी त्यात एक प्रतिज्ञा आहे. ती मी हजारो लोकांत उभी राहून मोठ्यानं म्हटली होती. आदल्याच दिवशी दादरला रडून आले होते.

मालक "या या देशमुखबाई" म्हणत उठला. माझं लुगडं नवं पांढरं होतं, तुझ्या अंगात रेल्वेचा शर्ट होता. मग त्याची नजर भाऊजींवर गेली. त्यांच्या नखांत मशीनचं काळं तेल होतं, ते कधीच निघायचं नाही. मालक म्हणाला, "आणि हे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग ते मालकाला म्हणाले, "मी गडी हाओ यायचा. मी बाहीरच बसतो."

मी काही बोलले नाही, देवमन. तिथे बोलता आलं असतं. मी चप्पल काढली आणि आत गेले.

आपण पाटावर बसलो. भात होता, कोकमाचं सार होतं, तळलेला मासा होता. तू खाली मान घालून जेवलास. समोर खिडकी होती. बाहेर सुरूच्या झाडांखाली बुटकी भिंत होती, तिच्यावर ते बसले होते. एक पोरगी आली आणि लांबून पत्रावळ जमिनीवर ठेवून गेली. त्यांनी ती उचलली, मांडीवर घेतली आणि सगळं जेवले. भाताचं शीतही टाकलं नाही. पाणी कोणी दिलं नाही, तेव्हा वाळूत हात घासले. नंतर परत निघालो तर आपलं बोचकं त्यांनीच डोक्यावर घेतलं, कारण मालक ओटीवर उभा होता आणि गडी मोकळ्या हातानं कसा चालेल? मोटारीपर्यंत ते माझ्या दोन पावलं मागे चालले.

लाँचमध्ये मी म्हणाले, "चुकलं माह्यं." ते पाण्याकडे बघत म्हणाले, "खोली आपली असती तं कोनी नाव पुसलंच नसतं. जाऊ दे." एवढंच. त्यानंतर ते आठ वर्षं जगले, कापसाच्या धुळीनं छाती भरून गेली, शेवटी बसून झोपायचे, पण त्या दिवसाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. भांडणातसुद्धा नाही. माझ्यासारख्या बाईशी भांडताना एवढं हत्यार जवळ असून ते न वापरणं सोपं नव्हतं.

आणि मग ते गेले आणि तिसऱ्या दिवशी तू आलास. तुझ्या खिशातून रजेचा कागद पडला, मी उचलला, त्यावर आसेगावकर लिहिलं होतं. पुढचं तुला पाठ असेल. भर अंगणात, सगळ्या भावकीसमोर मी ओरडले, "या नावाचा आमचा कोनी नाई. जाय इथून." तू न जेवता गेलास. दादा तुझ्यामागं फाट्यापर्यंत धावला, पण मोटार निघून गेली होती.

तुला वाटलं असेल, बाई नावासाठी चिडली. नावासाठी नव्हे. त्या कागदावर मला देशमुख दिसलं. मला हाकलायचं होतं ते मला, पण मी माझ्यापुढे उभी नव्हते, तू उभा होतास. मुंबईत खोली मिळावी म्हणून तुला काय काय करावं लागलं असेल ते मी कधी विचारलं नाही. खोटं नाव सांगून पोटभर जेवता येतं, हे तुला मी शिकवलं आणि मग तू ते केलंस म्हणून अकरा वर्षं तुझं तोंड पाहिलं नाही. माझं चुकलं. हे मी आता शांतपणे लिहिते आहे आणि पुसणार नाही.

पण म्हणूनच ब्लॉक माझ्या नावावर होणार, हे तुला आता कळलं असेल. त्याच गावात, त्याच पाण्यासमोर, मला एकदा खरं नाव सांगून आत जायचं आहे. आणि ती खोली आपली झाली की तिथे येणाऱ्याला कोणी आडनाव विचारणार नाही.

दहा एप्रिलला रविवार आहे. त्या सकाळी मी भाऊच्या धक्क्यावर असेन. अकोल्याची गाडी उशीर करेल म्हणून आदल्याच दिवशी दादरला एका बाईंकडे उतरते. तू आलास तर बरं. नाही आलास तरी मी जाईन, लाँच मला ओळखीची आहे.

तुझी बाई
भागिरथा


आसेगाव
दि. १५ एप्रिल १९७७

प्रिय देवमन,

आशीर्वाद. लिलाला सांग, तिनं बांधून दिलेले तीळ-खोबऱ्याचे लाडू अकोल्यापर्यंत पुरले. काल चौदा एप्रिल जोरात झाली. दादा दम्याचं कारण न सांगता पूर्ण मिरवणूक चालला आणि आज त्याची भरपाई म्हणून झोपून आहे.

धक्क्यावर तू आधीच येऊन उभा होतास. किती वेळचा, ते मी विचारलं नाही. केस पिकलेत तुझे. मी तुला ओळखलं ते खांद्यांवरून, तुझे भाऊजी तुला "वाकडखांद्या" म्हणायचे. तू माझी पिशवी घेतलीस आणि आपण बोललो काय, तर गाडीला किती उशीर झाला आणि उन्हाळा यंदा लवकर लागला. दोन शहाण्या माणसांनी अकरा वर्षांनी भेटून उन्हाळ्यावर बोलावं! लाँचमध्ये इंजिनाचा एवढा आवाज होता की मला बरंच वाटलं.

वेळशेतला ऑफिसपाशी तू थांबलास. "बाई, तो मले आसेगावकर म्हनून ओळखते. मी आत आलो तं तुह्यं काम बिघडन," म्हणालास आणि बाहेर बसलास. मी बाहेर आले तेव्हा तू "झालं?" विचारलंस, मी "झालं" म्हटलं आणि परतीची लाँच गाठायला आपण धावलो. आत काय झालं ते तुला सांगितलंच नाही. आता ऐक.

शेठ चांगला बोलतो. "बसा बसा मॅडम, आसेगावकरसाहेबांच्या कोण आपण?" म्हटलं, बहीण. त्यानं खूश होऊन कराराचा कागद पुढे ओढला आणि नावाच्या जागी आसे एवढं लिहिलं. म्हटलं, ते खोडा, ते माझ्या भावाचं नाव आहे. माझं लिहा. आणि मी सांगितलं. पूर्ण सांगितलं, माहेर, सासर आणि धर्म.

त्याचं पेन थांबलं. पोरांची पेनं थांबताना मी तीस वर्षांवर पाहिलंय. शब्द आठवत नाही म्हणून थांबलेलं वेगळं आणि लिहायचं नसतं म्हणून थांबलेलं वेगळं, ते मला कळतं.

म्हणाला, "बाई, माझं काही नाही हो. मी असलं मानत नाही. पण बाकीचे सात जण आहेत. त्यांना काय वाटेल?" मी म्हटलं, बरं. मग एवढंच कागदावर लिहून द्या की सात जणांना चालत नाही म्हणून ब्लॉक देत नाही, आणि खाली सही करा. तो हसला. म्हणाला, लिहून कशाला? म्हटलं, शाळेत सवय आहे, कारण दिलं की लेखी घेते. लिहून दिलं तर काय होतं ते त्याला माहीत होतं. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा मागच्या वर्षापासून कडक झाला आहे, आम्हाला शाळेत त्याचं परिपत्रक वाचून दाखवलं होतं.

मग तो म्हणाला, मागच्या बाजूचा एक ब्लॉक देतो, विहिरीकडचा, तिकडे आपल्याला निवांत पडेल. म्हटलं, विहीर आसेगावला आहे. मी समुद्रासाठी आले.

मग तो कागद चाळू लागला. बारा वाजून गेले होते. मी डबा उघडला आणि त्याच्याच टेबलावर भाकरी-ठेचा खायला सुरुवात केली. म्हटलं, तुमचा विचार होऊ द्या, मी जेवून घेते. त्यानं पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. माझ्या पर्समधून ड्राफ्टचं टोक बाहेर दिसत होतं, तिकडे त्यानं तीनदा पाहिलं. सात जणांचं तो म्हणत होता, पण आठांपैकी तीन ब्लॉक अजून रिकामेच आहेत, हे भिंतीवरच्या नकाशावर खडूनं लिहिलेलं मला त्या अधू डोळ्यानंही दिसत होतं.

जेवताना खिडकीबाहेर लक्ष गेलं. तू सुरूच्या झाडाखाली बसला होतास, पिशवी मांडीवर घेऊन. ती भिंत नव्हे, ती खाणावळ कधीच पडून गेली, तिथे आता नारळाची रोपं लावली आहेत. पण तू अगदी तसाच बसला होतास. माझ्या हातातला घास तसाच राहिला. वाटलं उठावं, बाहेर जावं, तुझ्या हाताला धरून आत आणावं. मी उठले नाही. मी उठले तर तेवढ्यात शेठ कागद मिटेल, ही भीती वाटली. आता खरंच लिहायचं ठरवलंय तर हेही लिहून ठेवते.

शेवटी त्यानं विचारलं, "भाड्यानं देणार म्हणता, मग पाहुणे कोणते येतील तुमच्याकडे?" म्हटलं, ज्यांना समुद्र पाहायचा असेल ते. त्यानं एक उसासा सोडला, आसे खोडलं आणि वर माझं नाव लिहिलं. खिल्लारे लिहिताना ल एकच लिहिला, मी दुसरा घालायला लावला. त्याला अडचण नावाची होती, ड्राफ्टची नव्हती. सही करताना मात्र म्हणाला, "मॅडम, पाटीवर एवढं पूर्ण नाव नका लावू हं." मी म्हटलं, पाटी मंगरूळला रंगवायला टाकून आले आहे.

खरंच टाकून आले आहे. काल ती आली. निळ्यावर पांढरी अक्षरं आहेत. तुळसाबाई दोन्ही बाजूंनी पाहून म्हणाली, "इतकी मोठी पाटी तं तहसीलीवर बी नाई." ती पाटी दादानं आपल्या पलंगाखाली नीट गोणपाटात गुंडाळून ठेवली आणि म्हणाला, "समुद्राच्या हवेनं लोखंड गंजते म्हन्तात. दर सालाले रंग मारा लागन. मी येत जाईन." तीन एकराचं त्यानं पुन्हा काढलं नाही.

शाळेत असतं तसं एक कोरं रजिस्टर विकत घेतलंय. पाहुण्यांसाठी. लाल शाईनं रकाने मीच आखले. नाव, गाव, माणसं किती, मुक्काम किती. एवढेच रकाने आहेत. पहिल्या पानावर वर नियम लिहिले आहेत. विहिरीवर झाकण ठेवावे. रात्री आतून कडी लावावी. तिसरा नियम असा की गडी, मोलकरीण, ड्रायव्हर, कोणीही सोबत असेल, त्याचं पान आत, सगळ्यांच्या पंगतीत मांडलं जाईल, आणि ज्यांना ते चालत नसेल त्यांनी पुढचं गाव बघावं. दादा म्हणतो, अशानं गिऱ्हाईक येणार नाही. नाही आलं तर मी एकटी बसून समुद्र पाहीन. पण येईल.

पहिल्या ओळीत नाव लिहून टाकलं. माणिकराव खिल्लारे, जिनिंग फिटर, मंगरूळपीर. माणसं एक. मुक्कामाच्या रकान्यात काय लिहावं ते मला सुचलं नाही, म्हणून तो कोरा आहे.

दुसरी ओळ तुझी आहे, देवमन. तिच्यात नाव तू लिहायचंस. आसेगावकर लिही, पडघान लिही, दोन्ही लिही. माझी पाटी माझी आहे, तुझी ओळ तुझी. मी पेन देईन आणि तिकडे बघणारही नाही.

दिवाळीत चावी मिळेल. लिला, पोरं, सगळी या. दोनदा माझा माणूस बाहेर बसला आणि मी आत जेवले. आता घर माझं आहे. तू आत येऊन बसल्याशिवाय मी पानाला हात लावणार नाही.

पान वाढून वाट पाहणारी तुझी बाई,
भागिरथा माणिकराव खिल्लारे
ब्लॉक नंबर दोन, तळमजला, समुद्राकडची बाजू,
वेळशेत